कफील नसलेला तलवारबाज

शुक्रवारी दुपारी आमच्या अब्बासियाच्या खोलीत तीन माणसं आडवी असतात आणि त्यांतला एकही झोपलेला नसतो. आठवडाभराचा शीण इतका साचलेला असतो की झोपसुद्धा दारातूनच परत जाते. पंखा फिरतो, एसी कण्हतो, आणि आम्ही तिघे छताकडे बघत शनिवारची वाट बघतो. शनिवारी पुन्हा कामावर जायचं असतं, तरीही वाट बघतो. सवय.

तिघांपैकी एक मी. मूळचा नाशिकचा, इथे आखातात अर्दियाच्या गोदामांत स्टोअरकीपर. तरुणपणी नाट्यस्पर्धेत भालदाराचं काम केलं होतं. एकच वाक्य होतं, महाराज येत असल्याची ललकारी. ती मी एवढी लांबवली की महाराज विंगेत उभे राहून कंटाळले आणि माझी ललकारी संपायच्या आत येऊन सिंहासनावर बसले. तेव्हापासून रंगभूमीने मला बोलावलं नाही, पण मी तिला सोडलेलं नाही. खोलीवर माझे रोजचे प्रयोग होतात.

दुसरा बीडचा, एसी दुरुस्त करणारा. उन्हाळाभर लोकांच्या गच्च्यांवर भाजून निघतो आणि त्याचा सूड आमच्यावर टोमण्यांनी उगवतो. तिसरे मिस्त्री. कुडाळच्या अलीकडच्या एका वाडीतले सुतार. आमच्याहून वयाने बरेच मोठे, बोलायला कमी, आणि बांगड्याचं तिखलं असं करणारे की शेजारच्या फ्लॅटमधली माणसं मीठ मागायच्या निमित्ताने डोकावून जातात.

त्या शुक्रवारी बीडकर एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला टीव्ही खांद्यावर घेऊन आला. टीव्हीच्या पाठीत एक पेनड्राइव्ह खोचलेला होता.

“भाऊ, आत एकच पिक्चर हाय,” तो मला म्हणाला. “जपानी.” आणि त्याने एक भुवई वर केली.

“जपानी म्हणजे कसलो?” मिस्त्रींनी कूस न बदलता विचारलं.

“जपानी म्हंजी जपानी,” असं म्हणून बीडकराने दाराला कडी घातली.

पडद्यावर काळापांढरा वारा सुटला. गवत हललं. गवतातून एक दाढी वाढलेला माणूस कमरेला दोन तलवारी लावून चालत आला. चालला, चालला, चालतच राहिला. त्याच्या चपला फाटलेल्या होत्या आणि चेहरा असा होता, जसा आमचा गुरुवारी संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना असतो.

“काढतंय का न्हाई काही हे?” बीडकराने बराच वेळ वाट बघून विचारलं.

“काढेल. तलवार काढेल,” मी म्हणालो.

“शिरा पडो तुमच्या तोंडार,” भिंतीकडे तोंड करून मिस्त्री म्हणाले.

बीडकराने निमूटपणे उठून कडी काढली. पण टीव्ही कुणी बंद केला नाही. बंद करायला उठावं लागलं असतं.

बोलणं जपानी होतं आणि खाली अक्षरं अरबी उमटत होती. आता मला अरबी वाचता येतं असा खोलीत लौकिक आहे. खरं तर मला खोक्यांवरचं अरबी वाचता येतं. ‘काच आहे, जपून’, ‘ही बाजू वर’, एवढं. बोलायचं अरबी गोदामात शिकलोय, वाचायचं नाही. पहिला शब्द लावेपर्यंत पडद्यावरचं वाक्य पळून जायचं. पण बीडकर म्हणाला, “भाऊ, सांगा की काय म्हणायलाय ते,” आणि समोर प्रेक्षक असताना नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. मी खाटेवर उठून बसलो, घसा साफ केला आणि मराठी प्रयोग सुरू केला.

हा माणूस एका सरदाराच्या पदरी होता, सरदार मेला, आता हा दारोदार हिंडतोय, एवढं चित्रावरून कळत होतं. पण ‘पदरी’ हा शब्द तोंडात आलाच नाही. इथे इतकी वर्षं काढल्यावर जो शब्द येतो तोच आला.

“याचा कफील मेलाय,” मी म्हणालो.

बीडकर फिस्सकन हसला आणि लगेच जीभ चावून मिस्त्रींकडे बघू लागला. मीही बघितलं. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा इकामा, इथे राहण्याचा परवाना असतो तो मालक. आणि मिस्त्रींचा कफील, अर्दियातल्या फर्निचरच्या कारखान्याचा म्हातारा मालक, नुकताच गेला होता. मिस्त्री तिशीच्या आत त्याच्याकडे लागले ते दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत. आता त्याचा मुलगा कारखाना बंद करत होता. इकामा संपत आला होता. दुसरीकडे लागायचं तर मुलाने रिलीज द्यायला हवा, आणि मुलगा दर खेपेला “बाचर” म्हणायचा. बाचर म्हणजे उद्या. या देशातला उद्या मोठा मोकळाढाकळा असतो.

मिस्त्रींना वाईट वाटलं असेल म्हणून मी विषय बदलणार, एवढ्यात ते कुशीवर वळले, उठून बसले आणि म्हणाले, “मगे?”

नटाला यापेक्षा काय हवं! मी सुटलो. तलवारबाज एका वाड्याच्या दाराशी गेला. दारावरचा माणूस खेकसला. मी खेकसलो, “बाचर!” तो दुसऱ्या वाड्याशी गेला, तिथला माणूस खेकसला. “बाचर, इन्शाल्ला!” तिसऱ्या दारावर तर म्हातारी होती, तिला मी सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या बाईचा आवाज दिला, “फोटोत मागे पांढरा पडदा पाहिजे, निळा चालत नाही.” बीडकर खाटेवरून खाली बसला आणि तिथेच हसत राहिला. मिस्त्रीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

“मेल्याक इकामो नाय तर दोन तलवारी घेऊन फिरता कसो?” ते म्हणाले. “पोलीस धरूचे नाय?”

“म्हणून तर गवतातून चालतोय, रस्त्याने नाही,” मी म्हणालो.

मग एक श्रीमंत सरदार आला. त्याने या माणसाला आत बोलावलं, समोर बसवलं, नवे कपडे दिले. तलवारबाज बराच वेळ खाली मान घालून बसला. जपानी सिनेमात माणसं बसली की बसतातच. पण माझ्या तोंडाला स्तब्धता सोसत नाही. मी नाटकी आवाज काढला, “सरकार! आजपासून ही तलवार आपल्या पायाशी. आपला उपकार मी…”

“नाय,” मिस्त्री म्हणाले.

“काय नाय?”

“तो असा बोलना नाय. तेका नवो कफील नको. तेका घराक जावचा आसा.”

“आवं मिस्त्री,” बीडकर म्हणाला, “तुमाला कवापासून जपानी यायलं?”

“गप रव. तेचा तोंड बघ.”

पण सिनेमा मिस्त्रींच्या विरुद्ध गेला. तलवारबाजाने मान वर केली, नवे कपडे अंगावर चढवले, हात जोडले आणि दुसऱ्याच प्रसंगात नव्या मालकासाठी दहाबारा माणसं आडवी करून टाकली. अशी सपासप, की बीडकर टाळ्या वाजवायला लागला. “बघा! म्हणत व्हतं घरी जायचं! कामाला लागलाय गडी!”

मिस्त्रींनी थोडा वेळ बघितलं. मग “चुकलो तो,” एवढंच म्हणून ते उठले आणि बांगडे साफ करायला आत गेले.

मी खुळ्यासारखा पडद्याकडे बघत बसलो. तिथे माणसं मरत होती आणि मला एकही आवाज काढावासा वाटेना. गेले काही आठवडे मी आणि बीडकर मिस्त्रींसाठी धावत होतो. बीडकराने गच्च्यांवरून फोन करकरून फरवानियात स्वयंपाकघराची कपाटं करणारं एक दुकान शोधलं होतं. दुकानदार मिस्त्रींना घ्यायला तयार होता. मी त्यांचे कागद भरले, फोटो काढायला नेलं, दुकानदाराला मिस्त्रींच्या हातच्या कामाचे फोटो दाखवले. आणि प्रत्येक वेळी मिस्त्री आमच्यामागून येत होते, न बोलता. आम्हाला वाटलं, चिंतेत आहेत. मिस्त्रींना काय हवं, हे कुणी विचारलंच नव्हतं. कोकणी माणसाची भीड मोठी वाईट. तुम्ही त्याच्यासाठी चुकीच्या गाडीचं तिकीट काढून आणलंत तर तो गाडीत चढेल आणि तुम्हाला हात करील.

मी आत गेलो. ते ओट्याशी उभे होते.

“मिस्त्री, फरवानियाला जायचं नाही का तुम्हाला?”

त्यांनी बांगड्याचं डोकं काढलं. “तुमी एवढी खटपट केलात. तो उन्हात फोन करी होतो.”

“ते राहू द्या. जायचंय की नाही?”

“नवीन दुकान, नवीन माणसा. परत सगळ्यांका दाखवूचा, माका काम येता म्हणान.” त्यांनी दुसरा बांगडा घेतला. “नाय रे भाऊ. माका होऊचा नाय आता.”

“मग मालकाच्या मुलाला सांगून टाका. रिलीज नको, कॅन्सल कर म्हणावं. इकामा रद्द, तिकीट आणि घर.”

“कसा सांगू? तेका वाटात, बापूस गेलो आणि ह्यो पळालो. आणि माका लाकडाचा अरबी येता. ह्या उलवूचा येणा नाय.”

हे मात्र खरं होतं. खिळा, फळी, पातळ कर, जाड कर, सोमवारी ने, एवढं त्यांचं अरबी पक्कं होतं. पुढचं कधी लागलंच नव्हतं.

“मी येतो बरोबर,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा भीतीनेच बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि अस्रच्या, म्हणजे दुपारच्या उतरत्या नमाजानंतर आम्ही दोघं मालकाच्या घरी गेलो. बसमध्ये मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. उतरताना त्यांनी माझं मनगट धरलं. “भाऊ, सिनेमासारखा करू नको हां. मी बोलतलंय तितक्याच बोल.”

“तेवढंच बोलेन.”

“वरसून काय लावू नको.”

“नाही लावत.”

“आवाज पण तुझोच ठेव.”

दिवानिया म्हणजे इथल्या घरातली पुरुषांची बैठक. लांबलचक खोली, भिंतीला लागून गाद्या, आणि मधे मिस्त्रींनीच कधीकाळी केलेलं सागवानी मेज. मालकाचा मुलगा पस्तिशीचा असेल. इंग्रजी उत्तम जाणणारा, पण वडिलांच्या बैठकीत वडिलांच्या माणसाशी तो अरबीतच बोलला. कॉफी आली. इथल्या इवल्याशा पेल्यात कॉफी पुरे झाली की पेला हलवून परत द्यायचा असतो, नाहीतर नोकर ओततच राहतो. मिस्त्रींनी एक पेला घेऊन हलवून दिला. मी घाबरल्यामुळे हलवायला विसरलो आणि सगळं बोलणं होईपर्यंत कॉफी पीत राहिलो.

मिस्त्री बोलले, “तुझ्या बापाशीन माका हय आणल्यान. आता तो नाय. माका घराक जावचा आसा. कॅन्सल कर.”

चार वाक्यं. मी चारच केली. मधे केवढी जागा होती! वडिलांच्या आठवणींचा एक अख्खा प्रवेश बसला असता. पण मी तोंड मिटून घेतलं.

मुलगा एकदम पुढे सरकला. रिलीजला उशीर झाला म्हणून राग आलाय का, असं त्याने विचारलं. मी मिस्त्रींना सांगितलं.

“राग कसलो? दमलंय मी. तितक्याच.”

मी म्हणालो, “ताबान.” दमलेला.

मुलाचा चेहरा उतरला. तो भराभर बोलायला लागला. कुठे दुखतं, केव्हापासून, डॉक्टर ओळखीचा आहे, आत्ता गाडी काढतो. हे मधेच कुठून आलं ते मला कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. अरबीत ताबान म्हणजे दमलेला, आणि ताबान म्हणजे आजारीही. दोन्हीला तोच शब्द. आमच्या गोदामात सिक लीव्ह मागताना मी स्वतः तो कितीदा वापरला होता!

“आजारी नाही,” मी म्हणालो. “नुसता ताबान.”

“ताबान, म्हणजे आजारी.”

“नाही, ताबान आहे, पण ताबान नाही.”

नोकर माझा पेला भरत होता, तोही थांबला. मुलगा खाली बघत हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मी ते मिस्त्रींना जसंच्या तसं सांगितलं, “त्याचे वडील शेवटी शेवटी रोज ताबान म्हणायचे. घरच्यांना वाटलं, वय झालंय, दमले असतील. ते आजारी होते.”

मिस्त्री उठले, त्या सागवानी मेजापाशी गेले, वरची तबकं बाजूला ठेवली, आणि मेजाची एक बाजू दोन्ही हातांनी कमरेइतकी उचलून धरली. उचलून मुलाकडे बघत उभे राहिले.

“बघ. काय जावक नाय माका.”

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. मुलगा हसला आणि हसता हसता डोळे पुसून म्हणाला, “खाली ठेव, खाली ठेव.”

मेज खाली आलं आणि मग खरी पंचाईत झाली. मुलगा म्हणाला, कारखान्याची मागची खोली मी विकणार नाही. तिथे बसू दे याला. पाहिजे तर काम करील, नाहीतर नाही करणार. इकामा माझ्या नावावर करतो. वर्षातून कितीही वेळा घरी जाऊन येऊ दे. वडील असते तर त्यांनी हेच केलं असतं, याला सांग.

मी मिस्त्रींकडे बघितलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मला माहीत होतं, हे ऐकलं की भीड पडणार. एवढ्या प्रेमाने कुणी बोललं तर हा माणूस “बरा” म्हणणार आणि आणखी काही वर्षं त्या मागच्या खोलीत बसून काढणार. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर काम झालं असतं. ‘बरं, जा म्हणतोय’, एवढंच मराठीत म्हणायचं होतं. कुणाला कळलं असतं? मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारत आलोय.

पण त्यांनी मला बसमधून उतरताना बजावलं होतं. मी सगळं सांगितलं. मागची खोली, इकामा, वडील, काही गाळलं नाही.

मिस्त्रींनी ऐकलं. मग खोलीत कुणी बोलेना. इतका वेळ बोलेना की माझ्या जिभेला कळ लागली. मुलगा वाट बघत होता, नोकर कॉफीदाणी धरून उभा होता. मी माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिलो.

“नको,” मिस्त्री म्हणाले. आणि जरा थांबून, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, “तू बरो आसस.”

“ला,” मी म्हणालो. आणि दुसरं वाक्यही सांगितलं. मुलाने छातीवर हात ठेवून मान झुकवली. मी पेला हलवला.

परत येताना बसला गर्दी होती, तरी आम्हाला शेवटच्या बाकावर जागा मिळाली. मिस्त्रींनी फोन काढला आणि बायकोला लावला. कानाला लावायचा सोडून ते तो नेहमीसारखा समोर धरून बोलत होते, त्यामुळे वहिनींचं बोलणं मला आणि पुढच्या बाकावरच्या दोन बंगाल्यांनाही ऐकू येत होतं.

“येतंय मी,” मिस्त्री म्हणाले.

“सुट्टी दिल्यान?”

“नाय. कायमचो.”

पलीकडे काही ऐकू येईना. मागे कोंबड्या ओरडत होत्या, तेवढं येत होतं.

“काय झाला? काढल्यान तुमका?”

“नाय गो. रव म्हणत होतो. मीच नको म्हटलंय.”

पुन्हा कोंबड्या. मिस्त्री फोनकडे असे बघत होते, जणू त्यातून अजून निकाल लागायचा आहे. तो लागायचाच होता. पाहुण्यासारखा दोन महिने येऊन परत जाणारा माणूस रोजचा झालेला वहिनींना चालणार होता की नाही, हे त्यांनी तरी कधी विचारलं होतं?

“ऐकलात?” वहिनी शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. “वाडीत कोणाक फोन करून सांगू नकात हां. एवढ्यात सांगलात तर दारात जत्रा भरतली. ह्यो बघूक येतलो, तो बघूक येतलो. आदी चार दिस आमका बघू दे.”

मिस्त्रींच्या कानांपर्यंत लाली आली. त्यांनी फोन बंद केला, खिशात ठेवला, आणि माझ्याकडे वळले.

“भाऊ, तू पण ऐकलंस.”

“अक्षरन्अक्षर.”

“तू पण कोणाक सांगू नको.”

मी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. बस अब्बासियाच्या पहिल्या थांब्यावर उभी राहिली तरी आम्ही दोघंही उठलो नाही. पाय नको म्हणत होते. पुढच्या थांब्यावर उतरू, जरा चालावं लागेल, असं मी म्हणालो, आणि मिस्त्री म्हणाले, “बस मगे.” शपथ मी पाळली. मिस्त्री घरी पोचून त्यांचे चार दिवस उलटेपर्यंत एका शब्दाने बोललो नाही. बीडकराला तेवढं त्याच संध्याकाळी तिखलं जेवताना सांगितलं, तेही वहिनींच्या आवाजात, कोंबड्यांसकट. पण बीडकर काही वाडीतला नव्हे.